गुडघ्याएवढी रोपं

जंगल संगणकावर पुढे पळवून पाहणं हे माझं काम. झाडं किती, किती जाड, खाली रोपं किती, हे भरलं की मॉडेल सांगतं, मोठी झाडं काढली तर जागा पुन्हा कधी भरेल. धायरीपलीकडच्या एका डोंगरउताराचं मॉडेल मी नारायण पेठेतल्या घरी बसून केलं. उत्तर चांगलं आलं. ऐनाची जुनी झाडं तोडली तरी खालची रोपं त्यांची जागा घेतील. त्यावर तोडीची मंजुरी निघाली.

मार्चमध्ये तोडीच्या खुणा पाहायला गेले, तर उतार काळा पडलेला. ऐनांच्या बुंध्यांवर आकडे घातले होते. खाली रोप एकही नव्हतं. सरपण गोळा करणाऱ्या बाईंना विचारलं, "वणवा कधी लागला?"

"लागतोय कशाचा? लावत्यात. दर साली. गवत चांगलं येतंय."

"आणि रोपं?"

"ती बी पावसात मुळापासनं फुटत्यात. माझं लगीन झालं तवापासनं एवढीच हायेत." त्यांनी गुडघ्याला हात लावला. "तुमी कधी मोजलीत?"

"श्रावणात."

"मग हिरवंच दिसायचं की."

पानं असली की झाड ओळखू येतं, म्हणून आम्ही नेहमी पावसाळ्यातच मोजतो. मॉडेलमध्ये ती रोपं दरवर्षी वाढत होती. इथे ती दरवर्षी जळत होती.

घरी येऊन मॉडेलमध्ये वणवा घातला. तीनदा चालवलं. तिन्ही वेळा उतार उघडा पडला. वनखात्याच्या अधिकाऱ्यांना फोन केला.

"माझं मॉडेल चुकलंय. तोड थांबवा."

"मॅडम, मॉडेलवर विश्वास ठेवा, असं आपणच म्हणाला होतात."

"आता मीच म्हणते, ठेवू नका."

"लेखी द्या. मंजुरी वरून आलीय, रद्दही वरूनच होईल. सोमवारी माणसं तोडीला लागतायत."

अर्ज वरच्या कचेरीत स्वतः नेऊन दिला. कारकुनाने पोच दिली आणि मंगळवारी यायला सांगितलं. साहेब रजेवर होते.

"झाडं सोमवारी पडणार आहेत."

"मग मंगळवारी तसं सांगा त्यांना."

सोमवारी पोच घेऊन उतारावर गेले. मुकादमाने ती नीट वाचली.

"ताई, हा हुकूम नाय. तुमचाच अर्ज हाय."

बरोबर होतं त्याचं. मी बुंध्यापाशी उभी राहिले. दोघांनी मला हाताला धरून बाजूला केलं, सावकाश, पाय घसरू नये म्हणून. करवत सुरू झाली. मी वही काढली आणि पहिल्या ऐनाचा आकडा लिहून घेतला. मॉडेलमधून ते झाड कमी करायला हवं होतं.