न दिसणारा रकाना

लोहाऱ्यात दुपारी तीनला गाव थांबतं. जीपवाले सीटवर आडवे होतात, दुकानदार शटर अर्धं ओढून घेतात, आणि उन्हात समोरची भिंतसुद्धा जराशी तरंगते. मी त्या वेळी काम करते. जावा या संगणकभाषेतल्या एका फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे तयार सांगाड्यावर, मी लोकांनी ऑनलाइन भरायचे फॉर्म बनवते. कंपनी पुण्याची, खुर्ची माझ्या घरातली.

त्या दुपारी शेजारचे चाचा आले, सोबत त्यांची नात. चाचा जन्मभर तहसीलबाहेर अर्जनवीस होते, लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. नातीला धाराशिवला मुलींच्या वसतिगृहात जागा हवी होती. जागा नाही तर कॉलेज नाही, असं तिच्या वडिलांनी सांगून टाकलं होतं. अर्जाची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत.

"काकू, फॉर्म पुढंच जात न्हाय. चूक बी दाखवत न्हाय. नुसता गप बसतोय," नात मला म्हणाली.

"माझ्यावानी," चाचा म्हणाले.

"तुमी कधी गप बसलाव, नाना?" नातीनं आजोबांना टोकलं.

तो फॉर्म मीच केला होता. पहिल्यापासून भरा म्हटलं आणि बघत बसले.

नात मोबाईलवर टाइप करत होती, चाचा डोळे मिटून सांगत होते. त्यांचा आवाज संथ, पंखाही संथ. मला पेंग येऊ लागली. चाचांची पद्धत तहसीलबाहेरची होती: नावं आधी, हो-नाही सगळ्यात शेवटी. लिहायला काही नसेल तिथं आडवी रेघ. पतीचे नाव: रेघ. मग अखेरीस वर जाऊन वैवाहिक स्थिती: अविवाहित. त्याबरोबर पतीच्या नावाचा रकाना स्क्रीनवरून विरून गेला.

माझी झोप उडाली.

नियम माझा होता: अविवाहित असेल तर पतीचं नाव रिकामं हवं. रकाना लपला, पण रेघ त्यात तशीच राहिली. सर्व्हर ती बघून अर्ज परत पाठवत होता, आणि चूक दाखवणारी सूचना त्या लपलेल्या रकान्याखालीच उमटत होती. तपासताना मी फॉर्म नेहमी वरून खाली भरला होता, म्हणून ही अडचण मला कधी दिसलीच नव्हती.

"चाचा, पुन्हा भरताना पतीच्या नावात रेघ घालू नका. लगेच जाईल."

त्यांनी नातीच्या हातातला मोबाईल काढून मुठीत धरला. "पोरीच्या अर्जात नवऱ्याच्या नावाची जागा मोकळी सोडू? उद्या कुणी कुणाचं बी नाव घालंल."

"तो रकानाच आता नाही. दिसतोय का?"

"दिसत न्हाय म्हंजे न्हाय, असं असतं व्हय बेटा?"

माझी चूक नेमकी तीच होती.

"नाना, सव्वाचार झाले," नात म्हणाली.

मी लॅपटॉप ओढला. एका रकान्यावर नियम बसवणं सोपं असतं. दोन रकान्यांचं एकमेकांशी जुळतंय का हे बघायचं, तर नियम सबंध फॉर्मवर बसवावा लागतो. आधी स्थिती वाचायची. अविवाहित असेल तर पतीच्या नावात जे असेल ते काढून टाकायचं, आणि मगच तपासायचं. सहा ओळी लिहिल्या, दोनदा चालवून पाहिल्या, सर्व्हरवर चढवल्या.

"आता तुमची रेघ तिथं टिकणार नाही," मी चाचांना सांगितलं, "आणि दुसऱ्या कुणी घातलेलं नावही टिकणार नाही."

"सगळ्यांनाच मनाई?"

"सगळ्यांनाच."

त्यांनी मूठ सैल केली. मग मोबाईल नातीला दिला. "दाब."

अर्ज क्रमांक आला. नातीने तो तळहातावर लिहिला, मग कागदावर, मग पुन्हा माझ्याकडून वाचून घेतला. ती दोघं गेल्यावर मी सहज सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या. दिवसभर परत फिरलेले अर्ज पुन्हा येऊन आता पुढं जायला लागले होते, आमच्याच जिल्ह्यातल्या गावांमधून. वाशी. जळकोट. परत वाशी. कुठल्या तरी पंख्याखाली कुणीतरी न कंटाळता तेच बटण दाबत होतं. गावांची नावं एकेक करून वर सरकत होती आणि बाहेर ऊन तसंच तरंगत होतं. पाच वाजेपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही.