न मागितलेलं हलकं काम

अन्याय माझ्यावर झाला. कधी, तर बाळंतपणाची रजा संपवून कामावर परत आले त्याच सोमवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. कुठं, तर सोलापुरात, सात रस्त्याजवळ, झेरॉक्सच्या दुकानावरच्या आमच्याच ऑफिसात. कुणी केला हे सांगायला जीभ अडखळते. एखाद्या कारखानदारानं केला असता तर एव्हाना पत्रक छापून वाटूनही झालं असतं. पण केला आमच्या संघटनेनं. कामगार बायकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या.

लिहायला अशी सुरुवात करायची हे मला आमच्या सरचिटणीसांनीच शिकवलं. सगळे त्यांना दादा म्हणतात. "आधी कुणावर आणि कधी ते सांग," असं ते म्हणायचे, "प्रस्तावना साहित्यिकांना लिहू दे." तर दादा, ही घ्या, तुमच्याच पद्धतीनं.

रजा संपायला आठ दिवस राहिले होते. पोरगी सहा महिन्यांची. आणि एका सकाळी मला चहाचा वास नकोसा झाला. पाळी चुकली म्हणावं तर ती बाळंतपणानंतर परत आलेलीच नव्हती. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, शंका सांगितली तर त्या हसल्या.

"अंगावर पिणारं लेकरू हाय तवर काय व्हत न्हाय. पित्त आसंल."

"नक्की का, आत्या?"

"जलमभर मेंढरं राखली की मी. मला शिकिवतीस व्हय?"

आत्या सांगोल्याकडच्या. मेंढ्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. माझ्या बाबतीतही होता, मेडिकलमधून आणलेल्या पट्टीवर दोन रेघा उमटेपर्यंत.

आता यातली खरी लाजेची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः एक पुस्तिका लिहिली होती, बाळंतपणानंतरच्या काळजीची. त्यात सातवा प्रश्न असा: अंगावर पाजत असताना दिवस जाऊ शकतात का? उत्तर: होय, पाळी आली नसली तरीही. त्यातलं 'होय' ठळक टाइपात घ्या, हे सांगायला मी प्रेसवाल्याला दोनदा फोन केला होता. ती पुस्तिका मी वस्त्यावस्त्यांत वाटली, वाचून दाखवली, न पटलेल्या बायकांशी वाद घातला. आणि घरी येऊन मेंढरांवर विश्वास ठेवला.

नवरा कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये. त्याला फोनवर सांगितलं तर पलीकडं नुसता ठोकाठोकीचा आवाज. त्यातूनच ओरडून म्हणाला, "कसं काय?"

म्हटलं, "हे तू मला विचारतोस?"

आत्यांनी लगेच हुकूम काढला: तीन महिने पुरे होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, नजर लागते. "हापिसात तर आजिबात न्हाय. तुजं त्वांड म्हंजी लाउडस्पीकर हाय." आत्या बोलल्या त्यात चूक काही नव्हती, ते तोंड म्हणजेच माझं काम. अक्कलकोट रोडवर टॉवेलचे आणि युनिफॉर्म शिवायचे कारखाने आहेत, त्यांच्या गेटवर शिफ्ट सुटताना उभं राहायचं, पत्रकं वाटायची, बोलायचं, बायकांच्या तक्रारी वहीत उतरवून घ्यायच्या. चार वर्षं तो टापू माझा होता. पहिल्या दिवशी तिथं मला शेंगदाणे विकणारी समजून दोघींनी भाव विचारला होता. आता त्या मला नवऱ्याला सांगत नाहीत ते सांगतात.

तरी आत्यांचं ऐकायचं ठरवलं. ऑफिस दहाला उघडतं. साडेदहाला प्रेसमधून पत्रकांचा ताजा गठ्ठा आला, शाईचा वास सगळ्या खोलीत पसरला आणि मी बेसिनकडं पळाले. माझी गुप्तता अर्धा तास टिकली.

तोंड पुसून वळले तर दारात खजिनदार ताई उभ्या. साठीच्या आहेत, त्यांना काही सांगावं लागत नाही.

"कितवा महिना?"

"तिसरा लागलाय."

"अगं बाई! पहिलीचे दात तरी येऊ द्यायचे."

"ती हिरड्यांनीच जोरात चावते ताई."

त्या हसल्या, पाठीवरून हात फिरवला, आणि तडक आतल्या खोलीत गेल्या. अकरा वाजता चहा आला. अकरा दहाला मला आत बोलावलं. कार्यकारिणीचे पाच जण बसलेले, सगळ्यांचे चेहरे डोहाळेजेवणाला आल्यासारखे.

"अभिनंदन!" दादा म्हणाले. "तुझा सगळा विचार केलाय आम्ही."

"दहा मिनिटांत?"

"गेटची दगदग आता तुला नको. तू ऑफिसात बस. पत्रकांच्या घड्या, फोन, जावक नोंदी. गेट भाऊच बघतील, तुझ्या रजेत बघत होते तसं."

"दादा, मी हलकं काम मागितलंय का?"

"मागायला कशाला पाहिजे? आपण काय मालक आहोत?"

आणि त्यांनी इतिवृत्ताची वही पुढं ओढून माझ्यासमोर लिहिलं: प्रकृतीचा विचार करता हलके काम देण्यात येत आहे, सर्वानुमते मंजूर. मी खोलीत होते. माझं मत त्यांनी विचारलं नाही, तरी ते सर्वांत मोजलं गेलं.

प्रामाणिकपणे सांगते, सोमवारी दुपारी मला बरंच वाटलं. डोक्यावर पंखा, बेसिन चार पावलांवर, आणि कुणी काही विचारेना. मंगळवारी घड्या घालता घालता माझं हातातल्या कागदाकडं लक्ष गेलं. रजेवर जाण्याआधी मीच लिहिलेलं पत्रक. शीर्षक: गरोदर आहात? तुमचं काम तुमचंच. खाली तिसरा मुद्दा: हलकं काम हा तुमचा हक्क आहे, पण ते तुम्ही मागायचं असतं. न मागता दिलं तर विचारा, माझं काम कुठं गेलं? मी त्याची बरोबर मधोमध घडी घातली आणि पुढचं घेतलं. अशी दीडदोनशे पत्रकं घडी केली. विचारलं काहीच नाही.

बुधवारी भाऊच माझ्या टेबलाशी आले. पन्नाशीचे, एका शाळेत क्लार्क होते, अत्यंत सभ्य माणूस, आणि तीच अडचण. "एकदा गेटवर चला हो," ते हळूच म्हणाले. "बायका मला काही सांगत नाहीत. मी संडास शब्द उच्चारला की त्या पदर तोंडाला लावतात, आणि मग मीही लाजतो."

संध्याकाळी गेले. शिफ्ट सुटली आणि पहिलाच आवाज आला, "आल्या गं लाउडस्पीकरवाल्या!" म्हणजे आत्या एकट्याच नाहीत. पाठोपाठ दुसरी म्हणाली, "ताई, तुमाला बी बसीवलं म्हनं की!"

"कुणी सांगितलं?"

"भाऊंनी. लई वाईट वाटत हुतं त्यास्नी."

सगळ्या हसल्या. हसली नाही ती एकटी, मशीनवर युनिफॉर्म शिवणारी. घरी तेलुगू, मला अक्का म्हणते. पाचवा महिना, ओढणी पोटावर पसरून चालायची, कारण तिच्याआधी ज्या दोघींचं पोट दिसलं त्यांना मालकानं मशीनवरून उठवून धागे कापायला बसवलं, आणि बाळंत होऊन आल्यावर त्यांची मशीन त्यांना मिळालीच नाही. रजेत असताना मी तिला फोनवर अर्ज सांगितला होता: मी गरोदर आहे, मला माझ्याच मशीनवर ठेवावं, रजेनंतर तीच मशीन द्यावी. शनिवारी ती तो मालकाला देणार होती. तिनं डब्याच्या पिशवीतून तो कागद काढला.

"हे देऊ का नको, अक्का? खरं सांगा."

"दे की. ठरलंय ना आपलं."

"मालक म्हणणार, तुझी काळजी आहे, बस तिकडं. तुमच्या हापिसात पण तेच म्हणले ना? तुमी काय केलं?"

मी काय केलं होतं? घड्या.

ती रागावली नाही. कागद परत पिशवीत ठेवला, डब्याखाली, सरळ. "तुमचं झालं की मला सांगा. मग मी देते. शनिवारपर्यंतच बघते हां, आता पोट झाकत नाही."

रिक्षात मी दादांना, ताईंना, मेंढरांना, सगळ्यांना शिव्या दिल्या. स्वतःला सगळ्यांत जास्त. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं आणि रेडिओ मोठा केला.

शुक्रवारी साप्ताहिक बैठक. मी तिचाच अर्ज शब्दशः उतरवला, मशीनच्या जागी गेट लिहिलं आणि दादांसमोर ठेवला.

"हे काय आणि?"

"आपलाच नमुना आहे. तुम्हीच तपासलाय."

"अगं, घरच्या माणसांत कुणी अर्ज देतं का?"

"देत नाही. म्हणून तर घरात आत्यांचं चालतं."

खजिनदार ताई म्हणाल्या, "आम्ही तुझं वाईट चिंतलं का? मला दोन्ही बाळंतपणांच्या वेळेस कुणी बस म्हणलं असतं तर मी पाय धरले असते."

"मग तुम्हाला विचारायला हवं होतं, ताई. आणि मलाही."

दादांनी घड्याळ पाहिलं. "पुढच्या बैठकीत घेऊ हा विषय. सविस्तर."

पुढची बैठक पुढच्या शुक्रवारी, आणि शनिवार उद्या. मी बोलायला तोंड उघडणार तोच भाऊ उठले. आजवर मी त्यांना बैठकीत उठून बोलताना पाहिलं नव्हतं. त्यांनी गेटवरची तक्रारवही टेबलावर, माझ्या पुढ्यात ठेवली. "माझ्याकडं आजवर तीन तक्रारी आल्या. तिन्ही पिण्याच्या पाण्याच्या. हे काम यांचं आहे. उद्यापासून मी जाणार नाही."

"भाऊ, तुम्ही भावनेच्या भरात..."

"नाही. मला तिथं उभं राहवत नाही."

दोन बायकांचा वाद असता तर दादांनी आठवडाभर चहा पाजला असता. भाऊंनी गेट सोडल्यावर मात्र पाच मिनिटांत वही निघाली. दादांनी लिहिलं: प्रकृतीत सुधारणा झाल्याने पूर्वीचे काम देण्यात येत आहे. तिसऱ्या महिन्यात, बेसिनला लटकलेली बाई, आणि प्रकृतीत सुधारणा! मी ते वाक्य खोडायला लावलं, खाली 'ठराव चुकीचा होता, रद्द' असं लिहून घेतलं. वही विद्रूप झाली म्हणून दादा अजून माझ्यावर नाराज आहेत.

घरी पोचायची वाट न बघता त्या मशीनवालीला फोन केला. शनिवारी तिनं अर्ज दिला. मालकानं वाचला, "बघतो" म्हणाला आणि ठेवून घेतला. पण तिला मशीनवरून उठवलं नाही. रजेवर जाईपर्यंत ती तिथंच शिवत होती.

मला आता सातवा महिना आहे. गेटवर मी स्टुलावर बसून बोलते. स्टूल मी मागून घेतलं. ती बाळंत झाली, मुलगी. तिच्या मशीनवर सध्या दुसरी बाई बसते. चांगली आहे, हात चलाख आहे, आणि ती मशीन आता आपलीच असं तिला वाटायला लागलंय. तिला दोष कसा देऊ? तिलाही कुणी विचारलेलं नाही.

तर आता तुम्ही. हो, वाचणारे तुम्हीच. तुमच्या बँकेत, शाळेत, कारखान्यात, दुकानात कुणीतरी बाळंतपणाच्या रजेवर असेल, आणि तिचं काम कुणीतरी करत असेल. बहुतेक तुम्हीच. ती ज्या दिवशी परत येईल त्या दिवशी तिची तब्येत, पोट, पेढे, सगळं नंतर. आधी तिचं काम तिच्या टेबलावर ठेवा. साहेब बोलायच्या आत.