खंडेनवमीची पेटी

सुर्ल्याच्या खाणीवरच्या गॅरेजात खंडेनवमीला जुना मेकॅनिक बाबली गावस पूजा मांडायचा, तेव्हा माणसं देवापेक्षा बाबलीला जास्त घाबरून असत. खनिज वाहणाऱ्या टिपरांना हार घालायचे, पाने, जॅक, हातोडे ओळीत मांडून गंध लावायचे, आणि मग फर्मान निघायचे, "आता उद्या दसऱ्यापर्यंत कोणी हात लावायचो नाय." एकदा मालकाच्याच गाडीचा पंक्चर टायर तसाच राहिला. मालक टॅक्सीने घरी गेले.

यंदा ओळीत एक नवी पेटी होती, बंद पडू पाहणाऱ्या हृदयाला विजेचा झटका देणारी. सेफ्टीचे काम बघणाऱ्या तेजस्विनीने ती सगळ्यांना शिकवली होती. शिकताना बाबलीने जांभया दिल्या, पण भिंतीवरून काढून पूजेत मात्र पहिली बसवली.

नारळ फुटला. बेळगावकडचा फिटर धोंडिबा म्हणाला, "बाबलीमामा, पेटीला चार्जिंगचा निवद दाखवलासा न्हवं?" हसला, आणि प्रसादाच्या द्रोणासकट खाली कोसळला.

"फेफरं आलं, कांदा आणा," कोणीतरी म्हणाले.

तेजस्विनीने त्याचे खांदे हलवले, छातीकडे पाहिले. श्वास नव्हता. "कांदा राहू दे. निलेश, एकशे आठला फोन लाव. बाबलीकाका, पेटी." आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून ती जोरात दाबू लागली.

बाबलीचा हात पुढे गेला आणि हारापाशी थांबला. उभ्या आयुष्यात त्याने पुजलेला पानासुद्धा हलवला नव्हता. धोंडिबाचे ओठ निळे पडत चालले होते.

"काका, उद्या आणणार काय?" दाबणे न थांबवता तेजस्विनी म्हणाली.

बाबलीने हार तोडला. झेंडू गडगडत ग्रीसमध्ये गेले. ती सांगेल तसा त्याने धोंडिबाचा शर्ट फाडला, घाम पुसला, एक पॅड उजव्या खांद्याखाली चिकटवला, दुसरा डाव्या कुशीला. पेटी बोलू लागली, कोणीही हात लावू नका. सकाळपासून बाबली तरी दुसरे काय सांगत होता?

सगळे मागे सरले. लुकलुकणारे बटण बाबलीनेच दाबले. धोंडिबाचे अंग उसळले आणि पुन्हा निपचित पडले.

"दाबा काका. माझे हात भरून आले."

बाबली गुडघ्यांवर बसून दाबत राहिला, काहीतरी पुटपुटत. अॅम्ब्युलन्सचा भोंगा खाणीच्या वळणावर आला, तेव्हा कुठे धोंडिबाने घरघरत श्वास ओढला.

पुढच्या खंडेनवमीला पेटी भिंतीवरच राहिली. बाबलीने गंध लावले ते तिच्याखालच्या भिंतीला.

"आणि मला न्हाई व्हय लावत?" धोंडिबाने छाती पुढे केली.

"तुका गेल्या वर्षी लावलेलो हात पुरे," बाबली म्हणाला. पण प्रसादाचा पहिला द्रोण त्यालाच दिला, आणि तो खाऊन संपेपर्यंत समोरून हलला नाही.