नसीमताईचा शेवटचा स्कॅन

बातमी आली तेव्हा मी विंझरला एसटीत चढत होते. फोन प्रयोगशाळेतल्या आमच्या सरांचा होता. "नसीम गेली," एवढंच ते म्हणाले. मी आत जाऊन बसले आणि सवयीने शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली. पुढे महामार्गाला लागल्यावर नसीमताई चढायची, तिच्यासाठी ही जागा मी रोज धरत असे. तिचा थांबा आला. "पिशवी उचला की बाई, मानसं उभी हायेत," कंडक्टर म्हणाला. मी पिशवी मांडीवर घेतली...

नसीमताई पुण्याला पीएचडी करत होती आणि मी एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तिच्या हाताखाली होते. कामथडीजवळ रस्त्याकडेला तिच्या वडलांचं, रहीमचाचांचं, पंक्चरचं दुकान आहे. माझ्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली. प्रयोगशाळेत काही विचारायचं म्हटलं की माझी जीभ उचलत नसे. तिने ते ओळखलं असावं, कारण मला तिने जे काही शिकवलं ते बहुतेक एसटीत, खिडकीकडे तोंड करून, हळू आवाजात. "विंझरकर, सेरियम म्हणजे दुर्मीळ मृदेतलं मूलद्रव्य. पण नावालाच दुर्मीळ गं. अब्बांच्या लायटरच्या खड्यात पण असतंय." निर्वात केलेल्या कक्षात सेरियमच्या पावडरीची दाबून केलेली गोळी ठेवून तिच्यावर क्ष-किरण सोडायचे, ते अणूच्या आतल्या कवचातले इलेक्ट्रॉन बाहेर काढतात. त्यांची ऊर्जा मोजली की अणू कुठला ते कळतं, आणि त्याची अवस्थाही कळते. सेरियमच्या अशा दोन अवस्था, तीन इलेक्ट्रॉन गमावलेली ती तीनची आणि चार गमावलेली ती चारची. पडद्यावर दोन्हींची शिखरं एकमेकांत मिसळून उमटतात. ती सुटी करताना नसीमताई मान कलती करून इतका वेळ बघत बसायची की मला वाटे, हिला डुलकी लागली.

तिने बनवलेल्या पावडरीत तीनच्या अवस्थेतलं सेरियम भरपूर आहे, असं तिच्या आलेखात दिसलं होतं. तिचा पहिला लेख त्यावरच उभा होता. पण यात एक धोका असतो. क्ष-किरण फार वेळ पडले की चारचं सेरियम आपोआप तीनचं व्हायला लागतं. आपण बघत राहतो आणि त्या बघण्यानेच ते बदलतं. म्हणून ती सेरियम सर्वांत आधी, झटपट मोजायची, मग बाकीची मूलद्रव्यं, आणि शेवटी पुन्हा सेरियम. दोन्ही आलेख एकमेकांवर बसले तरच ती मानायची. हे कुणी शिकवलं, असं मी एकदा विचारलं तर हसली. "कुणी न्हाई. पॅच लावला की अब्बा ट्यूब परत पाण्यात बुडवतात. गिऱ्हाईक कितीबी घाई करू दे."

लेखातला आलेख मात्र ही पद्धत धरण्याआधीचा, एकदाच, लांबलचक मोजून काढलेला होता. तीच पावडर या पद्धतीने पुन्हा मोजायची, एवढा शेवटचा स्कॅन राहिला होता; तो घ्यायच्या आधीच यंत्राचा निर्वात करणारा पंप बंद पडला. त्याच दिवशी तिला ताप होता. "डोकं लई दुखतंय. मी जाते. पंप दुरुस्त झाला की तेवढा स्कॅन काढ," असं सांगून ती गेली. डेंग्यू होता, हे नंतर कळलं. ते आमचं शेवटचं बोलणं.

दफन झाल्यावर सर चाचांना म्हणाले होते, "तिचा लेख तयार आहे, तिच्या नावाने छापून येईल." चाचांनी त्यांचे हात धरले होते. मग पंप दुरुस्त झाला. तिच्या अक्षरातली चिठ्ठी लावलेली बाटली कपाटात होती, तळाला पिवळट पावडर होती. मी स्कॅन काढला नसता तर कुणी विचारलं नसतं. सरांनीही विचारलं नव्हतं. मी कितीदा ती बाटली हातात घेतली आणि परत ठेवली... शेवटी नवी गोळी दाबली आणि तिच्या पद्धतीने मोजली. सुरुवातीच्या झटपट आलेखात तीनच्या अवस्थेची खूण जेमतेम होती. शेवटच्या आलेखात ती ठसठशीत उभी होती. आम्ही जे तिचं संशोधन समजत होतो, त्यातलं बरंचसं किरणांनीच घडवलं होतं. सरांनी दोन्ही आलेख पाहिले, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लेख थांबवावा लागेल," ते म्हणाले. "चाचांना मी सांगू?"

मीच सांगते, असं मी म्हणाले. का म्हणाले, ठाऊक नाही.

दुकानात चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मला ते नीट सांगताही आलं नाही. मग त्यांनी विचारलं, "तुला कुणी सांगितलं व्हतं परत बघायला?"

"ताईनंच, चाचा."

"ती तर गेली. आता राहू द्यायचं व्हतं, पोरी."

तेवढ्यात एक दुचाकीवाला आला. चाचांनी ट्यूब काढली, भोक शोधलं, घासून पॅच दाबला, हवा भरली. "बास झालं चाचा, उशीर व्हतोय," तो म्हणाला. चाचा म्हणाले, "थांब." त्यांनी ट्यूब पुन्हा घमेल्यातल्या पाण्यात बुडवली. पॅच वर आला, पाणी स्थिर झालं, बुडबुडा नव्हता. तरी ते ट्यूब हळूहळू फिरवत राहिले.

"म्हंजे तिचं नाव न्हाई येनार," माझ्याकडे न बघता ते म्हणाले.

"न्हाई, चाचा."

चाचांचे हात पाण्यातच होते, आणि मान थोडी कलती.