पाचवी ओळ

गिरिजा कोरे गेली हे मला एका फ्लेक्सवरून कळलं. शाळेपासूनची ओळख, पण बातमी सांगायला मला कुणाचा फोन आला नाही... यायचं कारणही नव्हतं, ते पुढं येईलच. बीडमध्ये सकाळी दूध आणायला निघालो होतो. ज्या समाजकार्य महाविद्यालयात मी उभा जन्म नोकरी केली, त्याच्याच फाटकावर हात जोडलेल्या पुढाऱ्यांची रांग आणि त्यांच्यामध्ये तिचा फोटो, पुढाऱ्यांपेक्षा लहान. खाली लिहिलेलं : 'युरोपमधून उच्चविद्याविभूषित, आमच्या महाविद्यालयाची शान, भावपूर्ण श्रद्धांजली.' मी पिशवी घेऊन तिथंच उभा राहिलो. खरं तर रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. शान म्हणे! याच फाटकातून तिला परत पाठवलं होतं, आणि पाठवणाऱ्यांपैकी दोघं त्या फ्लेक्सवर हात जोडून हसत होते.

आम्ही दोघंही तेलगावचे. तिच्या वडिलांचं किराणा दुकान, लिंगायत घर, सकाळी पूजा झाल्याशिवाय दुकानाची फळी निघायची नाही. बी.एस.डब्ल्यू. आम्ही बीडला बरोबरच केलं. नंतर मी दोन वर्षांचं एम.एस.डब्ल्यू. करायला औरंगाबादला गेलो आणि वर्षभरानं तिला चक्क हॉलंडची शिष्यवृत्ती मिळाली. नव्वदच्या दशकातली ती मधली वर्षं. गावात नुकती डिश आली होती, चौकात पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ झाला होता, आणि जग जवळ आलंय हे वाक्य म्हटल्याशिवाय एकाही पाहुण्याचं भाषण संपत नव्हतं. तिच्या अभ्यासक्रमाचं नाव होतं 'युरोपीय समाजकार्याचा तौलनिक अभ्यास'. तिचे चुलते दुकानात बसून म्हणाले, "म्हंजे नेमकं काय गं?" ती म्हणाली, "म्हातारी, आजारी माणसं, लेकरं, यांना कोण सांभाळतं ते देशोदेशी बघायचं, काका." चुलते हसले. "त्याच्यासाठी इमानात बसावं लागतं व्हय? आपल्यात सून सांभाळती." आतून तिच्या आईचा, शांताकाकूंचा आवाज आला, "आन् सुनंला कोण सांभाळतं?" गिरिजा त्याच महिन्यात हॉलंडला गेली.

तिची पत्रं पंधरा-पंधरा दिवसांनी यायची. थंडीबद्दल, बेचव जेवणाबद्दल फार नसायचं. एका पत्रात तिनं लिहिलं होतं, की डेन्मार्कमध्ये ती एका समाजसेविकेबरोबर एका म्हाताऱ्याच्या घरी गेली. बाईनं भेटीची नोंद लिहिली आणि ती म्हाताऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवली. म्हातारा म्हणाला, तिसरं वाक्य चूक आहे. बाईनं निमूटपणे दुरुस्त केलं. 'मधू, मी थक्क झाले. आपण बी.एस.डब्ल्यू.ला किती घरभेटी लिहिल्या रे? एक तरी कुणाला वाचून दाखवली का?' तिनं प्रबंधाला हाच विषय घेतला. तीन देशांत माणसाची फाईल कुणाची समजतात, सरकारची की त्या माणसाची... शेवटचं प्रकरण तिनं आमच्याच जिल्ह्यातल्या धर्मापुरी गावावर लिहिलं. आमच्याकडं ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते, तिला मिळून एक कोयता म्हणतात. नातवंडं घेऊन मागं राहिलेली म्हातारी मात्र कुणाच्याच मोजणीत नसते. त्या म्हाताऱ्यांची फाईलच नाही, मग ती कुणाची हा प्रश्न कुठं विचारायचा, असं तिचं म्हणणं. तिथल्या गुरुजनांनी सांगितलं, अभ्यासक्रम युरोपचा आहे, हे प्रकरण काढा. ती भांडली. शेवटी ते परिशिष्ट म्हणून राहिलं. म्हणजे तिथंही धर्मापुरीला जागा मिळाली ती मागच्या पानांवर.

ती परत आली त्याच उन्हाळ्यात आमच्या महाविद्यालयात अधिव्याख्यात्याची एक जागा निघाली. अर्ज तिनंही केला आणि मीही. एके दिवशी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मधुकर, त्या कोरेबाईंचा कोर्स कसलाय, आमाला काय कळंना. तुमी एका गावचे. चार वळी लिहून द्या." मी स्वतः उमेदवार आहे हे त्यांना माहीत होतं, मलाही होतं. मी लिहून दिलं. अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. तो युरोपातील देशांपुरता आहे. प्रबंधाचा विषय घरभेटीच्या नोंदी हा आहे. आपल्याकडील पदव्युत्तर पदवी दोन वर्षांची असते. चारही ओळी खऱ्या होत्या. परिशिष्टाचं नाव मी काढलं नाही, आणि लिहिलेलं तिला दाखवलं नाही.

मुलाखतीला आम्ही एकाच बाकावर बसलो होतो. ती आधी आत गेली. बाहेर आली तेव्हा हसत होती, पण कान लाल झाले होते. संस्थेच्या अध्यक्षांनी विचारलं होतं, "बाई, आष्टीपासून परळीपर्यंत आमचा जिल्हा. त्याच्यात युरोप कुठं हाय, दाखवा." एक तज्ज्ञ म्हणाले, तुलना करायची तर दोन वर्षं लागतात, तुमची एकाच वर्षात कशी उरकली? "मी म्हटलं, तुलना अजून चालूच आहे साहेब," ती म्हणाली. मग त्यांनी समकक्षतेचा, म्हणजे तिकडची पदवी इकडच्या पदवीच्या तोडीची असल्याचा, दाखला मागितला. तो दाखला वरच्या कार्यालयातून यायचा होता आणि ते कार्यालय म्हणायचं की आधी महाविद्यालयाचं पत्र आणा. महाविद्यालय म्हणायचं, आधी दाखला. ही टोलवाटोलवी तीन वर्षं चालली. याच वर्षांत परदेशी शीतपेय तेलगावच्या टपरीवर येऊन पोचलं, परदेशी कंपनीचं कापसाचं औषध दुकानात आलं, त्यांना कुणी दाखला मागितला नाही. अडवली ती फक्त तेलगावची एक मुलगी, कारण ती तिकडून माल नाही, पद्धत घेऊन आली होती. आजही हे लिहिताना माझं डोकं फिरतं.

ती जागा मला मिळाली.

माझ्या चार ओळी तिनं पुढं कधीतरी, दाखल्यासाठी खेटे घालताना, फाईलमध्ये पाहिल्या. अक्षर ओळखायला तिला कितीसा वेळ लागणार? ती स्टाफरूममध्ये आली, सगळ्यांदेखत माझ्यासमोर बसली. मला वाटलं, आता शिव्या घालील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाली, "चारही ओळी बरोबर आहेत, मधू. मला वाचून दाखवल्या असत्यास, तर पाचवी मी सांगितली असती." पाचवी कोणती, हे विचारण्याचं धाडस मला झालं नाही. त्यानंतर आम्ही लग्नाकार्यात भेटायचो, बोलायचो, पण घरी ये असं ती कधी म्हणाली नाही.

ती धर्मापुरीत जाऊन राहिली. पदवीचा कागद ट्रंकेत आणि हातात वही. दसऱ्यानंतर कोयते निघाले की ती मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी फिरायची. बीपीची गोळी, नातवंडांची शाळा, रेशनकार्ड, जे पडेल ते. नोंद तिथंच लिहायची आणि वाचून दाखवायची. एकदा माझे विद्यार्थी तिच्याकडं गेले होते, ते सांगत आले. तिनं वाचलं, 'मुलगा-सून कारखान्यावर. आजी घरी एकटी.' म्हातारी कडाडली, "एकटी कावून लिहिलं बाई? ही तीन लेकरं काय दगड हायत का?" गिरिजानं 'एकटी'वर एक रेघ मारली. एकच, खालचा शब्द वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, 'तीन नातवंडांसह', आणि पुढं म्हातारीचं नाव : दुरुस्ती सांगणार अमुक. चूक गिरवून काळी करायची नाही, हा तिचा नियम होता. आपण काय चुकलो तेही फाईलमध्ये राहिलं पाहिजे, म्हणायची.

शोकसभेला मी गेलो. ती अध्यापनात रमली नाही, तिनं स्वखुशीनं सेवेचा मार्ग पत्करला, असं एक वक्ता म्हणाला. स्वखुशीनं! दुसऱ्यानं तिला डॉक्टर करून टाकलं. मी ओठ आवळून बसलो... आयुष्यभर जे केलं तेच. बाहेर आलो तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की यांच्यावर चिडायचा मला काय हक्क आहे? यांनी निदान मेल्यावर खोटं लिहिलं. मी तर ती जिवंत असताना अर्धंच खरं लिहिलं होतं.

म्हणून हा लेख छापायला देण्याआधी मी तेलगावला गेलो. शांताकाकू आता ऐंशीच्या पुढं आहेत. दुकान बंद झालंय, पण जिथं पूर्वी साबणाच्या वड्या असायच्या त्या फळीवर गिरिजाच्या वह्या रचून ठेवल्यात. काकूंनी मला चहा दिला, कशाला आलास असंही विचारलं नाही. मी इथवरचं सगळं मोठ्यानं वाचलं. चार ओळींपाशी मी वाचणं सोडून कप उचलला, तशा त्या म्हणाल्या, "वाच, वाच." त्यापुढच्या एका वाक्याला त्यांनी हात वर केला.

"थांब. जागा मिळाली म्हणतो?"

"हो, काकू."

"वाटंवर पडली हुती व्हय, मिळायला? मिळाली न्हाई, मधू. तू घेतली. तसं लिही."

मी पेन काढला. फळीवरची एक वही त्यांनी माझ्या कागदाखाली सरकवली, लिहायला आधार म्हणून. वरचं ते वाक्य मी काढलेलं नाही, ते वाचता आलं पाहिजे. वर्तमानपत्रात त्यावर रेघ मारता येत नाही, ती वाचणाऱ्यानं मारावी. दुरुस्ती खाली देतो आहे.

ती जागा मी घेतली.

दुरुस्ती सांगणार : शांताबाई कोरे, तेलगाव.