शब्दार्थांची वही

मेथी निवडताना माझं अर्धं लक्ष फोनकडे आहे. लेक तिकडे बंगळूरला काहीतरी टाइप करतेय, असं स्क्रीनवर दिसतं. मग ती ओळ विझते, पुन्हा उमटते.

तिच्या मेसेजसाठी मी एक वही केली आहे, शाळेत शब्दार्थांची करायचो तशी. ‘ब्रो’ आणि ‘ब्रुह’ मला एकच वाटायचे. “अगं आई, दोन्ही ब्रदरवरूनच आलेत,” तिने समजावलं होतं. “पण ब्रो ही हाक, आणि ब्रुह म्हणजे कपाळावर हात!” आमटीत मीठ विसरले असं कळवलं, की लगेच ‘ब्रुह’ यायचं. नोकरी लागली तेव्हा तर मलाच ‘ब्रो’ म्हणाली. भावासाठीचा शब्द झिजत झिजत आईपर्यंत पोचला, याचं मला केवढं हसू आलं होतं.

गेले आठ दिवस वही उघडावी लागलेली नाही. विचारलं, की नुसतं ‘हो आई’ येतं.

आत्ता उत्तर आलं. ‘मी बरी आहे. तू काळजी करू नकोस.’

एकही शब्द अडला नाही. मेथी तशीच टाकून मी बंगळूरच्या गाडीची वेळ शोधायला लागले.