जमिनीवरचा पीळ

आमच्या हवामान कचेरीत पावसाला मोजपात्र आहे, किश्शांना नाही. दर उन्हाळ्यात काठोकाठ भरतात आणि सांडतात!

बीएस्सी होऊन मी नागपूरला निरीक्षक म्हणून लागले. कुकरची शिटी झाली तरी दचकणारी मी, आणि काम काय, तर वादळात गच्चीवर जाऊन वारा नोंदवायचा! पहिल्याच गडगडाटाला खाली धूम ठोकली. आमचे वरिष्ठ नाईकसाहेब माझी एक चप्पल घेऊन आले.

"मॅडम, वाऱ्याची दिशा लिहिली नाहीत. चप्पल मात्र नैर्ऋत्येकडे तोंड करून होती! पुन्हा पळालात तर फाइलींच्या खोलीत बसवीन."

घरी भांडून मिळवलेली ही गच्ची होती हो!

*

एकदा वर सोडायचा फुगा भरता भरताच फुटला. मी टेबलाखाली घुसले. तिथे आधीच साहेब!

"पेन शोधतोय," ते म्हणाले.

पेन त्यांच्या खिशाला होतं.

*

साहेबांचं वेड एकच, फिरणारी वादळं. डब्यातली माझी पोळी गुंडाळून आडवी धरली. "जमिनीलगत वारा हळू, वर जोरात. म्हणून मधली हवा अशी आडवी लाटण्यासारखी फिरते. वर चढणारी गरम हवा तिला उभी करते, की ढग फिरायला लागतो!" आणि पोळी उभी केली.

आतली वांग्याची भाजी नकाशावर!

दुपारी दुसऱ्या पाळीचा माणूस धावत आला. "सर, वर्ध्यावर एवढं मोठं काय आलंय?"

*

आमचे शिपाई गुलाबराव नरखेडचे. त्यांनी विचारलं, "साहेब, लाटणं त वर आभायात उभं झालं. मंग खालची माती काहून फिरते?"

साहेबांचं दोन दिवस पुस्तकांत डोकं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पावसानं गार झालेली हवा खाली उतरते, उतरताना तिला पीळ बसतो. जमिनीवरून सरकत ती ढगाखाली आली, की ढग तिला वर ओढतो. ताणली की पीळ घट्ट!"

"म्हंजे कापसाच्या पेळूतून सूत ओढल्यावानी?"

साहेब उडालेच. "गुलाबराव, माझ्या खुर्चीवर बसा!"

"नको साहेब. मंग घंटी वाजवली का येईन कोण?"

*

आणि मे महिन्यातली ती दुपार. काळा ढग डोक्यावर गरगरत होता. मी गच्चीवर, वारा मोजायच्या खांबापाशी. गुलाबराव रजिस्टर घेऊन जिन्यात. "भेऊ नका वं बाई, मी हाओ ना!" म्हणाले आणि एक पायरी खाली सरकले.

पावसाची गार हवा सपकन पाठीवर आली. कुंपणापलीकडची धूळ गोल फिरायला लागली. फिरता फिरता बारीक झाली, उंच झाली! मी खांबावरच्या बाणाकडे बघून वाऱ्याची दिशा ओरडत होते, गुलाबराव लिहीत होते. दोन मिनिटांत सगळं शांत.

साहेब धापा टाकत वर आले. उभ्या नोकरीत त्यांना हे कधी दिसलं नव्हतं, आणि आजही हुकलं! त्यांनी रजिस्टर ओढून मोठ्यानं वाचलं.

"दक्षिण. पश्चिम. आई गं. उत्तर."

मग माझ्याकडे बघितलं. "पळाला नाहीत?"

"पयतीन कशा साहेब?" गुलाबराव म्हणाले. "खांबच सोडून नाई राहिल्या!"

साहेबांनी पेन काढलं, एक अक्षरही न खोडता खाली सही केली, आणि बाह्या सरसावल्या.

"चला गुलाबराव. तुम्ही डावा हात सोडवा, मी उजवा!"